सतरा नंबरचा स्विच

माणसाने आयुष्यात एकदा तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गप्प बसून पाहावं. मला ते जमलं नाही, म्हणून ही हकिगत सांगायची वेळ आली.

झालं असं, की आमच्या बिल्डिंगमधला निलेश ज्या कंपनीत आहे तिथली जुनी यंत्रं बदलली. त्यातला डिस्कांचा एक डबा आणि तो टीव्हीला जोडायचा एक स्विच त्याने साहेबांच्या परवानगीने सोसायटीला आणून दिला. आमच्या जुन्या चाळीच्या गणेशोत्सवाच्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी चढली होती. दोन महिने खपून त्याने त्या डब्यात उतरवल्या आणि कॅसेटी अगदीच कामातून गेल्या म्हणून टाकून दिल्या. आता तळमजल्याच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळं दिसणार होतं. फक्त स्विच सुरू करायचा होता, आणि नेमकं तेव्हाच निलेशला कंपनीने सहा महिन्यांसाठी हैदराबादला धाडलं.

हे काम आता कोण करणार, असा विषय मीटिंगमध्ये निघाला तेव्हा सगळे आपापली नखं बघायला लागले. सेक्रेटरी देवदत्तने निलेशने लिहून ठेवलेला कागद वाचायला घेतला. "कन्सोलची केबल लावून स्विचला पत्ता द्यावा." केबल मला कळली नाही, पण पत्ता कळला. मी हात वर केला आणि म्हणालो, "पत्ता हा माझा विषय आहे."

चौतीस वर्षं मी टपाल खात्यात सॉर्टिंगला काढली आहेत. "मोरे मास्तर, पिंपळाजवळ, नाहूर" एवढ्यावर पाकीट योग्य मोरे मास्तरांकडे रवाना केलेलं आहे, आणि नाहूरमध्ये तेव्हा मोरे मास्तर तीन होते व पिंपळ दोन. अशा माणसाला एका लोखंडी खोक्याच्या पत्त्याचं काय भय? घरी येऊन हे सांगितल्यावर विमला, म्हणजे माझी बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली, "पेनड्राइव्हवर घेतलं असतं तर?" मी तिकडे दुर्लक्ष केलं. ठरावात 'कायमस्वरूपी व्यवस्था' असे शब्द होते, आणि पेनड्राइव्ह आमच्या घरात कायमस्वरूपी हरवलेला असतो.

घाईचं कारण होत्या वनमालाकाकू. आमची चाळ बत्तीस खोल्यांची. ती पाडून तिथे हा बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला आणि बिल्डरने त्याचं नाव 'ग्रीन मेडोज' ठेवलं. मेडो म्हणजे कुरण, हे कळल्यापासून मी कोणाला नाव सांगत नाही, जुन्या चाळीचंच सांगतो. काकू सतरा नंबरच्या खोलीत राहायच्या, आता अकराव्या मजल्यावर एकट्या राहतात. वय ब्याऐंशी. रविवारी त्या कायमच्या कुडाळला मुलीकडे जाणार होत्या. त्यांचे यजमान चंद्रप्रकाशकाका जाऊन नऊ वर्षं झाली. निलेशने कॅसेटी उतरवल्याचं कळलं तेव्हा त्या खाली येऊन मला म्हणाल्या, "बाळा, ह्यांचे फोटो आसत. आवाज नाय. एकदा माका आवाज ऐकूचो आसा."

काका चाळीच्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. कारखान्यातून आले की चहा घेऊन जिन्याखाली स्टूल टाकून बसायचे आणि तिथेच तालमी घ्यायचे. त्या जागेला सगळे 'तेहतीस नंबर' म्हणत, कारण बत्तीस खोल्यांत मिळून जेवढी माणसं नसत तेवढी संध्याकाळी तिथे असत. मला आजही डोळे मिटले की त्या जिन्याखालचा उजेड दिसतो. पिवळा बल्ब, भिंतीला टेकवलेली लाकडी तलवार, कोणाच्या तरी घरून आलेली कांद्याची भजी, आणि पुस्तकात बोट घालून बसलेले काका. काका कधी रंगमंचावर आले नाहीत, कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. त्यांचा आवाज असला तर तो एकोणीसशे ब्याण्णवच्या नाटकाच्या चित्रणात, विंगेतून आलेला, एवढाच.

त्या नाटकात नायक मी होतो. याबद्दल अधिक बोलायची माझी इच्छा नाही. एवढंच सांगतो, की तेव्हापासून कुठल्याही समारंभात मी बोलायला उभा राहिलो, की मागून कोणीतरी हळूच मला पहिलं वाक्य सांगतं आणि सगळे हसतात. माझ्या लग्नातही हे झालेलं आहे. ते चित्रण बुरशीने खाल्लं असतं तर मी एक नारळ फोडला असता. पण काकूंनी मागितलं होतं, तेव्हा शनिवारी संध्याकाळी सहाला हॉलमध्ये नाटक दाखवायचं, असा बोर्ड मीच लावला.

मंगळवारी सकाळी कुंडलिक वायरमन ड्रिल घेऊन हजर झाला. ठरावात देवदत्तने 'हॉलमध्ये स्विच बसवणे' असं लिहिलं होतं, त्याप्रमाणे त्याने टीव्हीशेजारच्या नव्या भिंतीला भोक पाडलं आणि मगच विचारलं, "कुठला स्विच काका?" मी खोकं दाखवलं. त्याने ते चारी बाजूंनी पाहिलं. "ह्याला स्विच कुठेय?"

"हाच स्विच आहे."

"ते झालं. पण ह्याला चालू-बंद करायचा स्विच?"

आम्ही दोघांनी शोधला. नव्हता. मागे वायरची जागा होती, पुढे भोकांची रांग होती, बटण कुठेच नव्हतं. कुंडलिकने माझ्याकडे मोठ्या करुणेने पाहिलं. "स्विचला स्विच नाय. काका, वाट लावली तुमची कोणीतरी." आणि भिंतीतलं भोक तसंच ठेवून तो गेला. ते अजून आहे, त्यावर आम्ही कॅलेंडर लावलं आहे.

बटण नाही म्हणजे नुसती वायर खुपसायची, हे निलेशने फोनवर सांगितलं. खुपसली. त्याबरोबर आतले पंखे असे काही भणभणायला लागले, की पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ डबा घेऊन खाली आले. त्यांना वाटलं सोसायटीने पिठाची गिरणी घातली. दुपारी मला देवदत्तच्या सहीची नोटीस आली. 'आपण लावलेल्या यंत्राच्या आवाजामुळे सभासदांच्या वामकुक्षीत व्यत्यय येत असून सात दिवसांत खुलासा करावा.' नोटीस द्यायला देवदत्त स्वतःच आला, आमच्याकडे चहा घेतला आणि पोच म्हणून माझी सही घेऊन गेला.

पुढचा पेच केबलचा. ही कन्सोलची केबल आमच्या भागातल्या कुठल्याही दुकानात नव्हती. एकाने मला 'कन्सोल' शब्दावरून मुलांच्या व्हिडिओ गेमची दांडी दाखवली. मग मला अर्बनची आठवण झाली. अर्बन माझा जुना मित्र, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, आता मनोरीला वडिलोपार्जित घरी असतो. फोन केला तर म्हणाला, "निळी, चपटी, एका टोकाला मोठा चौकोन? आहे ना. ये घेऊन जा. आणि जेवायच्या वेळेला ये, उगाच टाइम खोटी करू नको."

गुरुवारी लिंक रोडने गोरेगाव, तिथून मालाड, तिथून मार्वे, तिथून होडी. एका केबलसाठी समुद्र ओलांडणारा आमच्या सोसायटीतला मी पहिला सभासद असेन. अर्बनच्या बायकोने, आयडाने, बोंबलाचं कालवण आणि भाकरी वाढली. जेवण झाल्यावर अर्बन मला परसात घेऊन गेला. केबल होती. आयडाने त्याच केबलने दोडक्याचा वेल मांडवाला बांधला होता.

"ती निळी दोरी?" आयडा म्हणाली. "ती सोडली तर माझा वेल खाली येईल. वर्षभर तिच्यावर बसलाय तो."

"आयडा, त्या दोरीवर एका बाईचा नवरा अडकलाय," असं काहीतरी मी बोललो. ते मला जसं म्हणायचं होतं तसं उमटलं नाही, पण सगळी हकिगत सांगितल्यावर तिने स्वतःच दोरीची गाठ चाचपली. मग म्हणाली, "दे मग दुसरं काहीतरी बांधायला." घरात सुतळी सापडेना. शेवटी मी माझ्या बुटांच्या दोन्ही नाड्या काढून दिल्या. वेल तसूभरही हलला नाही. मी मात्र मार्व्यापर्यंत पाय घासत आलो, आणि होडीत एका बाईने मला बसायला जागा दिली.

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये मी, लॅपटॉप आणि स्विच असे तिघेच होतो. केबल लावली. पडद्यावर काळोख आणि त्यात पांढरी अक्षरं आली. नाव विचारलं, निलेशच्या कागदावरचं घातलं. सांकेतिक शब्द विचारला, तोही घातला. लगेच यंत्र म्हणालं, हा बदला. मी बदलला आणि नियमाप्रमाणे सेक्रेटरीला कळवला. देवदत्तने तो पारदर्शक कारभार म्हणून नोटीस बोर्डावर लावला.

मग आला पत्ता. चार आकडे, मध्ये टिंबं. त्याखाली 'मास्क' म्हणून आणखी एक रांग होती, तीनदा दोनशे पंचावन्न आणि मग शून्य. निलेशने फोनवर समजवायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला थांबवलं. पत्त्यातले पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा घराचा, हे सांगणारी ती चाळणी आहे. म्हटलं, "अरे, आयुष्यभर हेच केलं मी." तो म्हणाला, "झकास काका, तुम्हाला तर सगळंच येतं," आणि खरं सांगतो, निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली तेव्हासुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

पण शेवटच्या आकड्यापुढे कागदावर लिहिलं होतं, 'कुठलाही टाका, मोकळा असेल तो.'

कुठलाही? पत्ता कुठलाही कसा असेल? पत्त्यावर माणूस राहतो. त्याची वाट बघणारं कोणीतरी त्यावर पत्र घालतं. मी बराच वेळ त्या चमचमणाऱ्या रेघेकडे बघत बसलो आणि मग सतरा टाकला. काकांची खोली. स्विचने तो निमूट घेतला. डब्यातलं सगळं स्विचच्याच पत्त्यावर दिसावं, अशी सोय निलेशने करून ठेवली होती. लॅपटॉपवरून सतरा नंबरला हाक मारली आणि दिसली की यादी. गणेशोत्सव अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव. मी तडक अकराव्या मजल्यावर जाऊन काकूंना सांगितलं, "उद्या सहाला." त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला.

शनिवारी सहाला हॉल भरला. चाळीतली जवळजवळ सगळी जुनी घरं आली होती, दोघं तर व्हीलचेअरवरून. काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून. देवदत्त दुसऱ्या टोकाला उभा. देवदत्त म्हणजे काकूंचा सख्खा पुतण्या, पण दोन्ही घरांत बोलणं गरजेपुरतं. त्याचे वडील आणि चंद्रप्रकाशकाका भाऊ. सतरा नंबरची खोली दोघांची, आणि एका गौरी-गणपतीत कशावरून तरी बिनसल्यावर तिच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. प्लायवूड चाळीबरोबर गेलं, अबोला तेवढा नव्या इमारतीत राहायला आला.

मी टीव्ही लावला. निळा पडदा. लॅपटॉप पाहिला, तर सतरा नंबर गायब. टीव्ही बंद केला, सतरा नंबर हजर. टीव्ही लावला, गायब. पुन्हा बंद केला, हजर.

मग सल्ल्यांना तोंड फुटलं. एकाने खोक्यावर चापटी मारायला सांगितली, दुसऱ्याने तोंड पूर्वेला करायला. तिसरा म्हणाला, माझ्या साडूकडे फ्रिजचं असंच झालं होतं. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "आता काय बोलू?" आणि सगळा हॉल हसला. ते माझं ब्याण्णव सालचं वाक्य होतं. नाटकातलं नव्हे, माझं स्वतःचं.

काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. उद्या सकाळी त्यांची गाडी होती.

मी निलेशला फोन लावून सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, सोपं आहे. एकच पत्ता दोघांना दिलाय. म्हणून दोघं एकमेकांना उठवतात. टीव्हीला नंबर कोणी दिला?"

मग देवदत्त खाकरला. "मी दिला. काल संध्याकाळी. सगळं काय ह्यानंच करायचं?"

"कुठला दिला?"

"सतरा."

"अरे, सतराच का पण?" मी म्हणालो.

"आमची खोली नव्हती का ती?" देवदत्तचा आवाज चढला. "सतरा अ द्यायचा होता. त्याच्यात अ घेत नाय."

"सतरा अ टपालात कधीच नव्हती."

"टपालात नसेल. आमच्या दारावर होती. बाबांनी स्वतः रंगवली होती."

झालं. निम्मा हॉल सतराच्या बाजूने, निम्मा सतरा अच्या. प्लायवूड आधी कोणी आणलं, मोरी कोणाच्या बाजूला गेली, सगळं नव्याने निघालं. फोनमधून निलेश कळवळून ओरडत होता, "अहो काका, अडीचशे नंबर मोकळे आहेत. कुठलाही घ्या ना."

"कुठलाही कसा?" सगळा हॉल एका सुरात म्हणाला. तेवढ्यापुरती एकी झाली.

तेव्हा काकू उठल्या. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि देवदत्तकडे वळल्या. "देवदत्ता, सतरा तू घे."

देवदत्त म्हणाला, "तसं नाय काकी, माझं म्हणणं एवढंच..."

"घे रे. मी उद्या जातंय. माका आता नंबर कित्याक होयो?" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ह्यांका तेतीस दी. ते सतरात कधी बसले? जेवक आणि निजाक. बाकी सगळो वेळ जिन्याखाली."

हसू आलं सगळ्यांना, आणि लगेच ओसरलंही. काय सांगू, मला त्या क्षणी लॅपटॉपची अक्षरं नीट दिसेनात. निळी केबल पुन्हा लावली. पत्त्याच्या जागी जाऊन सतरा खोडला आणि तेहतीस टाकला. देवदत्त पुढे आला आणि न सांगता रिमोटवरून टीव्हीला तेहतीस नंबर शोधायला लावलं. पडद्यावर यादी आली. गणेशोत्सव ब्याण्णव.

पडदा उघडला. आमची चाळ, मागे दोरीवर कोणाचा तरी टॉवेल. मी प्रवेश केला. डोक्यावर केस होते, ओठांवर चिकटवलेली मिशी होती. मी मध्यभागी आलो, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो.

विंगेतून आवाज आला, शांत, जरासा खर्जातला. "आई, मी परत आलोय."

मग मी ओरडलो, "आई, मी परत आलोय."

आणि नंतर पुढचे दोन तास हेच. चित्रण करणाऱ्याने माईक विंगेच्या खांबाला बांधला होता, त्यामुळे माझ्यापेक्षा काकाच स्पष्ट ऐकू येत होते. बाकीच्यांचं चोख पाठांतर होतं, त्यांच्या वेळी विंगेत शांतता. माझी वेळ आली, की काका. तिसऱ्या अंकातलं माझं लांबलचक भाषण त्यांनी ओळीओळीने, न कंटाळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. "घाबरू नकोस. मी इथेच आहे." मग मी, हातवारे करत, "घाबरू नकोस, मी इथेच आहे." लोक पोट धरून हसत होते. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझे कान तापले होते. तेहतीस वर्षं ज्याची भीती बाळगली ते सगळं मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात चाललं होतं.

काकूंनी डोळे मिटले होते. मांडीवर हात ठेवून त्या बसल्या होत्या आणि काकांचं प्रत्येक वाक्य आलं की त्यांची मान किंचित हलत होती, घरात कोणी काही सांगत असावं तशी.

रविवारी सकाळी मी विमलाकडे पेनड्राइव्ह मागितला. तिने तो मसाल्याच्या डब्यामागून काढून दिला आणि एक शब्दही बोलली नाही, यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी राहीन. नाटक त्यावर घेतलं, पाकिटात घातलं. पाकिटावर, सवयीने, काकूंचं नाव आणि कुडाळचा पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहिला.

खाली गाडी उभी होती. देवदत्त काकूंच्या पिशव्या मागे ठेवत होता, त्यांना कुडाळपर्यंत सोडायला तोच निघाला होता. मी पाकीट दिलं आणि यात काय आहे ते सांगितलं. म्हटलं, "काकू, तेवढं माझं काम मात्र बघू नका. डोळे मिटूनच ऐका."

त्यांनी पाकीट पदराखाली धरलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "बाळा, सगळ्यांनी पाठ केल्यानी. तू एकट्यान केलंस नाय," त्या म्हणाल्या. "बरां झालां."